फळ्याशेजारचं फडकं

माझ्या मेव्हण्याइतका तोंडाळ माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही, आणि इथून पुढं होणारही नाही, कारण आता लोक तोंडावर भांडायला येतच नाहीत, लांबूनच फोटो काढतात आणि निघून जातात. मेव्हणा म्हटलं तरी रक्ताचा नाही. माझी बायको कळसची, हाही कळसचा, आणि माहेरच्या गावचा बाप्या म्हणजे बाईचा भाऊ, एवढंच नातं. तिला सख्खा भाऊ नव्हता. ह्यानं ती जागा कुणाला न विचारता घेतली. हा अत्तार, म्हणजे मुसलमान. बारामतीत त्याचं हळदी-कुंकवाचं दुकान, आणि बरोबर समोर माझं, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं. मी पिंपळीहून सकाळी यायचो तेव्हा माझं शटर वर जायच्या आधी त्याचं तोंड चालू झालेलं असायचं. मी पाचवी शिकलोय, मला सजवून लिहिता येत नाही. पण बायको गेल्याला आता वर्ष होत आलं, घरात भिंतींशी बोलून कंटाळलो, म्हणून हे लिहितोय.

त्याच्या दुकानात पाऊल टाकलं की आधी वास यायचा आणि मग बोलणी. हळद, कुंकू, बुक्का, अष्टगंध, कापूर, जानवी, ऊद, सुरमा, अत्तराच्या कुप्या, सगळं एकाच फळीवर एकमेकाला खेटून. देवळातला पुजारी आणि दर्ग्यातला मुजावर एकाच बाकड्यावर बसून आपापली पुडी बांधून घ्यायचे आणि दोघंही सारखीच बोलणी खायचे. त्याच्या बोटांचं कुंकू कधी निघालंच नाही, नमाजाला उभा राहिला तरी नखं लाल. गिऱ्हाईक मागंल ते द्यायचं हा धंद्याचा नियम त्याला मान्य नव्हता. बाईनं चकचकीत डबीतलं कुंकू मागितलं की हा तिच्या कपाळाकडं बघणार आणि म्हणणार, "ते कुंकू न्हाय, रंग हाय. फोड आला म्हंजी माझ्याकडं येऊ नका, दवाखान्यात जावा." एकदा वरकुट्याचे लोक लग्नाच्या खरेदीला आले होते. हळद मोजून घेता घेता मुलाच्या बापानं मुलीच्या बापाला हळूच विचारलं, की चारचाकीचं काय झालं. ह्यानं तागडी खाली ठेवली. "पाव्हणं, हळद पोराला लावायची का गाडीला, तेवढं सांगा, त्या मापानं देतो." मुलाचा बाप तरातरा बाहेर गेला आणि कोपऱ्यावरून परत आला, कारण तसलं कुंकू दुसरीकडं मिळत नव्हतं. जाताना हा त्याला म्हणाला की राग धरू नका, बाकीच्यांना मी याच्यापेक्षा वाईट बोलतो. ते खरंच होतं.

स्वतःच्या माणसांनाही त्यानं कधी सोडलं नाही. एका शुक्रवारी मशिदीत बाहेरगावचे कुणी मोठे मौलाना आले. चांगले तासभर कडक उर्दूत बोलले. सगळे माना डोलावत होते. हा मधेच उठला आणि म्हणाला, "मौलानासाब, जरा मराठीत सांगा. हितं निम्म्याला कळत न्हाय, आमी नुसत्या माना हलवतोय." मागं कुणाला तरी हसू फुटलं आणि ते सगळ्या मशिदीत पसरलं. पुढच्या शुक्रवारपासून ह्याला पहिल्या रांगेतून उचलून शेवटच्या रांगेत बसवला. मला येऊन काय सांगतो, "दाजी, मागं पंख्याचा वारा चांगला लागतो."

पण त्याचं खरं वेड म्हणजे फळा. दाराशेजारी जुन्या दरवाजाची फळी काळा रंग देऊन टांगलेली. सकाळी झाडलोट झाली की खडू घेऊन तीवर दोन ओळी लिहायच्या, वरची एकाला आणि खालची दुसऱ्याला, म्हणजे आमच्याच वाटेला जातो असं कुणी म्हणायला नको. चौकातल्या खड्ड्याला वर्ष झालं तेव्हा त्यानं खड्ड्याच्या वाढदिवसाचं सर्वांना अगत्याचं आमंत्रण दिलं, आणि खाली लिहिलं की केक कापायला भावी नगरसेवकांनी यावं, ते नाहीतरी सगळ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असतातच. फळ्याशेजारी खिळ्याला एक ओलं फडकं असायचं. त्या फडक्याचा कायदा होता. ज्याला लिहिलेलं पटत नाही त्यानं ते खुशाल पुसावं, फक्त त्याच्यादेखत पुसावं आणि का पुसलं ते तोंडानं सांगावं. पुसणाऱ्याला तो उलटून एक शब्द बोलायचा नाही, चहा सांगायचा. देवळाच्या ट्रस्टींनी पुसलेलं मी पाहिलंय, मशिदीच्या सेक्रेटरीनं पुसलेलं पाहिलंय. एका पुढाऱ्याचा पोरगा रागारागानं गाडीवरून उतरला, फळा पुसला, आणि कारण सांगायची वेळ आली तर त्याला सुचेचना. शेवटी ह्यानंच त्याला एक बऱ्यापैकी कारण सुचवलं आणि चहा पाजून लावून दिला.

सगळ्यात जास्त वेळा ते फडकं उचललं माझ्या बायकोनं. माझा डबा घेऊन यायची ती आधी समोर जाऊन फळा वाचायची. कुणाला फार लागेल असं काही दिसलं की "भाऊ, आज नको" म्हणायची आणि सरळ फडकं फिरवायची. अख्ख्या बारामतीत त्याच्या तोंडावर झाकण घालणारी ती एकटी. तो कुरकुरत दुसरं लिहायचा आणि मला ओरडून सांगायचा, "आक्का हाय म्हणून वाचतंय गाव." मग तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि फळा वाचायला येणारी घरातच पडून राहिली.

त्याच सुमाराला लांबच्या कुठल्यातरी गावातल्या एका पोरानं मोबाईलवर काहीतरी स्टेटस ठेवलं. त्या पोराला इथं कुणी ओळखत नव्हतं, आणि त्यानं काय ठेवलं होतं ते निम्म्यांनी पाहिलंही नव्हतं. तरी पेठ बंद झाली. घोषणा झाल्या, कुणाच्या गाडीची काच फुटली, चौकात पोलिसांची गाडी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यानं दुकान उघडलं आणि खडू घेतला. वर लिहिलं, देवाच्या रक्षणाला निघालेल्या पोरांनी आधी घरातल्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यावं. खाली लिहिलं, दीन धोक्यात आहे म्हणणाऱ्या पोरांनी आधी दहावी काढावी. मी त्या वेळी दवाखान्यात बायकोच्या खाटेजवळ होतो. ती पेठेत असती तर भाऊ, आज नको, म्हणाली असती, आणि मला पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

फडक्याला कुणी हात लावला नाही. दोघांनी फोटो काढले. एकानं नुसत्या वरच्या ओळीचा काढला, दुकानाच्या पाटीवरचं अत्तार हे नाव नीट दिसेल असा, तो एका बाजूच्या मोबाईलांत फिरला. दुसऱ्यानं नुसत्या खालच्या ओळीचा काढला, तो दुसऱ्या बाजूला फिरला. संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाला कळलं की हा देवाला बोलला आणि निम्म्याला कळलं की हा दीनला, म्हणजे त्यांच्या धर्माला, बोलला. अख्खा फळा कुणीच पाहिला नाही. बायकांना मेसेज गेले की कुंकू आपल्या माणसाकडूनच घ्या. ज्यांच्या लग्नाची हळद ह्यानं मोजून दिली त्या बायका समोरून तोंड फिरवून जायला लागल्या. मशिदीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली, पंख्याचा वारा तिथं कितीही चांगला लागत असला तरी.

मग पोलिस ठाण्यात शांतता समितीची बैठक बोलावली. मी सोबत गेलो. जे लोक आठवडाभर एकमेकांचं तोंड बघत नव्हते ते एका टेबलाला बसले, एका ताटलीतली बिस्किटं खाल्ली आणि एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं, की फळा कोरा राहावा. एवढी एकी मी या गावात उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मला राहवेना. "साहेब, पुसायला फडकं हाय की तितं. ज्याला राग आला त्यानं पुसायचं हुतं," मी म्हणालो. साहेब स्वभावानं बरे होते. म्हणाले, "बाबा, आता तसे दिवस राहिले नाहीत." मला वाटलं, आता हा उठतो. टेबलावरच्या एकालाही सोडत नाही, साहेबांना तर नाहीच. तो उठलाच. टेबलाजवळ गेला आणि आधीच लिहून ठेवलेल्या माफीच्या कागदावर सही करून खाली मान घालून बाहेर आला. रस्त्यावर मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "दाजी, माझ्या नातीला ह्याच रस्त्यानं शाळंला जायाचं हाय," एवढंच म्हणाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बायको गेली. आमच्यात सवाष्ण बाई गेली की तिला माहेरची साडी नेसवतात आणि कपाळभर कुंकवाचा मळवट भरतात. साडी भावानं आणायची असते. भावकीतल्या पोरांनी मला बाजूला घेतलं. वातावरण बरं नाही, साडी आपणच आणू, कुंकू कुठलंही चालतंय, त्यांना कशाला त्रास द्यायचा, असं म्हणायला लागली. मी सांगितलं, तिचा भाऊ आल्याशिवाय तिला उचलायची नाही, ज्याला घाई असेल त्यानं घरी जावं. दोघंतिघं गेलेही.

तो आला. एका हातात हिरवी साडी, दुसऱ्यात कुंकवाची पुडी. पिंपळीच्या माझ्या दारात हा माणूस जन्मभर रस्त्यापासून आरडाओरडा करत घुसलेला. थेट चुलीपर्यंत जायचा, कालवणात बोट घालून मीठ कमी हाय म्हणून सांगायचा. त्या दिवशी तो उंबऱ्याच्या बाहेर थांबला. अंगणात कुणीतरी मोबाईल वर धरला होता, तो त्यानं पाहिला. साडी छातीशी धरून त्यानं मला विचारलं, "दाजी, चालंल का?"

बायको गेल्यावर मला तोवर रडू आलं नव्हतं. ते तिथं आलं. मी त्याला दंडाला धरून आत नेला. त्यानं साडी तिच्या पायाशी ठेवली आणि भिंतीला टेकून बसला. बायकांनी त्याच कुंकवानं मळवट भरला, आणि उरलेली पुडी एकीनं हळूच कमरेला खोचली. मेसेज तिलाही आलाच असणार.

आता गावात शांतता आहे. फळा जागेवर आहे, कोरा. मेव्हणा सकाळी दुकान उघडतो, बसतो, गिऱ्हाईक मागंल ते देतो. परवा एका पोरीनं चकचकीत डबी मागितली, त्यानं मुकाट्यानं काढून दिली. असल्या डब्या तो आता ठेवायला लागलाय. खिळ्याचं फडकं वाळून पापडासारखं कडक झालं होतं. घरात बोलणारी गेली आणि समोरचा गप्प झाला. दिवसभर मी मोटारीला तार गुंडाळत बसतो, आणि कुणीतरी आपल्याला खणखणीत शिवी द्यावी असं मला वाटत राहतं.

म्हणून एका सकाळी मीच उठलो. फडकं नळाखाली भिजवून खिळ्याला लावलं, त्याच्याच गल्ल्याशेजारचा खडू घेतला, आणि फळ्यावर लिहिलं, मेव्हणा भ्याला. दोनच शब्द. मग बाकड्यावर बसलो. म्हटलं, आता बाहेर येईल, माझ्या सात पिढ्या काढील, सगळी पेठ गोळा होईल. तो आला. कपाळावरचा चष्मा खाली घेऊन वाचलं. खिळ्याचं फडकं काढलं आणि फळा पुसला, चारी कोपऱ्यांपर्यंत नीट.

मी म्हणालो, "कायदा तुमचाच हाय. का पुसलं ते सांगा."

तो फडकं पिळत उभा राहिला. "खरं हाय म्हणून," म्हणाला.

मग त्यानं चहा सांगितला. आम्ही दोघं म्हातारे बाकड्यावर बसून तो प्यायलो. समोर ओला फळा काळाभोर दिसत होता. ऊन आलं तसा कडेकडेनं वाळून पांढुरका झाला. उठताना त्यानं माझ्या खिशात कुंकवाची पुडी घातली, बायकोच्या फोटोला लावायला. "आक्काला," म्हणाला. ते कुंकू डबीतलं नव्हतं, जुनंच होतं.

मी पुन्हा काही लिहिलं नाही. फडकं तेवढं रोज सकाळी भिजवून खिळ्याला लावतो. त्याला कुणी हात लावत नाही. दुपारपर्यंत ते वाळतं.