जळक्या लोकरीची राख
परवा कुरकुंभच्या कारखान्यात गेटवर ड्यूटीला होतो, तर वेल्डिंगची ठिणगी माझ्या स्वेटरवर पडली आणि लोकर जळाल्याचा वास आला, तसा मी मनानं थेट लढाईतल्या त्या बर्फाच्या डोंगरावर जाऊन पडलो. नुकतं उजाडलं होतं. शत्रूच्या बंकरमध्ये शिरताना मी एकाच्या मांडीत संगीन खुपसली आणि त्यानं सुऱ्यानं माझा दंड हाडापर्यंत उघडा केला. तेवढ्यात तोफगोळा पडला, छत बसलं आणि आम्ही दोघंच एका कोपऱ्यात अडकलो. माझ्या दंडातून रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या. तो सुरा घेऊन सरकत आला तेव्हा मी डोळे मिटले. त्यानं स्वतःच्या स्वेटरची बाही कापली, लायटरनं पेटवली आणि ती गरम राख माझ्या जखमेत दाबून भरली. गावी केंदूरला माझे वडील लांडग्यानं फाडलेल्या मेंढराला अशीच राख भरायचे. "भेडें?" घरी मेंढरं आहेत का, असं मी विचारलं. "अब्बा की," म्हणत त्यानं मफलरनं माझा दंड आवळला. मग दगड सारून आमच्या तुकडीतला एकजण आत घुसला आणि मी तोंड उघडेपर्यंत त्यानं त्या माणसाच्या छातीत तीन गोळ्या घातल्या. "आरं, हे कुणी बांधलं?" दंड बघून त्यानं मला विचारलं. "मीच," मी म्हणालो. त्यानंच मला पाठीवर घेऊन डोंगर उतरवला. परवा स्वेटर काढला तेव्हा वेल्डरनं दंडावरचा काळा व्रण पाहून ही जखम तेव्हा कुणी बांधली, असं विचारलं. त्यालाही मी तेच सांगितलं.