होदी न म्हणणारी टकटक

बुकावूच्या विमानतळावर विमानांशी रेडिओवर बोलणारा मनोरा आहे, मनोऱ्यात माणूसही असतो. पण जंगलावर गेलं की त्याचा आवाज मरतो, आणि वर बसलेल्या साहेबांना त्याचं काही सोयरसुतक नाही. म्हणून वैमानिकांनी आपली आपणच रीत पाडली. दारात उभं राहिल्यासारखं रेडिओवर "होदी", म्हणजे आत येऊ का, म्हणायचं, नाव आणि उंची सांगायची. ऐकणाऱ्याने "कारिबू", म्हणजे ये, म्हणून ओ द्यायची.

वाबिवा या सगळ्या वैमानिकांची मामा, म्हणजे तिकडच्या बोलीत आई. विमानातून मीठ, बिअर, कथिलाची पोती वाहता वाहता केस पिकलेली, तोंडाने तिखट. मागे म्वाती नावाचा वैमानिक जंगलावर नाहीसा झाला, त्या दुपारी रेडिओवर नुसतीच टकटक येत राहिली. तिनेच सगळ्यांना दटावलं, "होदी न म्हणता दार ठोकतो तो माणूस नसतो. खबरदार ओ दिलीत तर." कुणी दिली नाही. म्वाती सापडला नाही.

आणि आज ती स्वतः पांढऱ्याशुभ्र ढगात होती.

"होदी, वाबिवा, बारा हजार फूट."

कारिबू आलं नाही. उलट तिलाच हाका सुरू झाल्या. ती ओरडून ओ देत होती, कुणालाच पोचत नव्हती. माइकची तार आतून तुटलेली. बटण दाबलं की फक्त टक्.

"तीनदा हाक मारली," चिरुझाचा आवाज आला. तिनेच शिकवलेला गडी, समोरून येत शाबुंडा गावाकडे निघालेला. "गेली रे म्हातारी. आता मला शिव्या कोण घालणार?"

"देव तिला जागा देवो," दुसरा कुणी म्हणाला.

आपलंच सुतक ऐकत वाबिवा माइकची तार चाचपत राहिली.

"माझ्या उंचीवर विजा आहेत," चिरुझा म्हणाला. "मामाची नेहमीची बारा हजारांची वाट रिकामी झाली. तिथे उतरतो."

म्हणजे नेमका तिच्या तोंडावर! वर चढायला पोत्यांचं ओझं आडवं, खाली उतरायला डोंगर. तिने बटण दाबलं. टक टक टक.

"ऐकलंस?" चिरुझा दुसऱ्याला म्हणाला.

"गप! ओ देऊ नकोस. मामानेच बजावलंय."

तिने स्वतःलाच एक शिवी हासडली. मग आठवलं. शिकताना चिरुझा उंची सोडू लागला की ती मागून त्याच्या टाळक्यावर बोटं आपटायची. दोनदा भराभर, थांबून एकदा. म्हणजे वर चढ, गाढवा!

टकटक. टक्. टकटक. टक्.

"अरे, हे तर माझं टाळकं!" चिरुझा किंचाळला. "मामा! चढतोय, चढतोय!"

ढगातून एक सावली डोक्यावरून गेली. काचा थरथरल्या.

संध्याकाळी शाबुंडाहून परतलेला चिरुझा तिच्याकडे जेवायला बसला. फुफूच्या उकडीचा गोळा मोडत हसला, "मेलीस तरी ठोकशीलच तू. पण मी शाबुंडाला टेकेपर्यंत कशाला छळत होतीस? सारखं टक टक टक."

वाबिवाचा हात थाळीतच राहिला. "तू वर गेलास त्याच क्षणी माझा रेडिओ पार विझला, चिरुझा."

तळलेले मासे गार झाले.

"म्वातीचीही तारच तुटली असेल का रे?" तिने विचारलं.

चिरुझाने थाळी दूर सारली.

दुरुस्त रेडिओ घेऊन ती पुन्हा त्या जंगलावर आली तेव्हा खाली ढग होते. रेडिओवर टक टक टक. बाकीचे वैमानिक चिडीचूप. वाबिवाने बटण दाबलं.

"कारिबू, म्वाती," ती म्हणाली. "तुझी उंची सांग."