कायद्यात आमचं नाव कुठं होतं

आजकाल लोक मोबाईलवर कायदा शोधतात आणि सापडला नाही की खुशाल सांगतात, "कायदाच नाही." ऐकलं की माझं टाळकं सरकतं. सापडला नाही आणि नाहीच, या दोन गोष्टी एक कशा? असंच सांगून एका वकिलानं माझ्या बायकोला वर्षभर रडवलं होतं. आता ती नाही. तिचं भांडण मला एकट्याला आठवतं, म्हणून लिहितो.

सत्तर सालानंतरची गोष्ट. माझा सासरा अनसिंगकडचा. दगड फोडून फोडून त्यानं स्वतःच्या कमाईचं शेत घेतलं होतं. तो वारला तेव्हा मागं दोघंच, माझी बायको आणि तिचा धाकटा भाऊ. तिनं वाटा मागितला. भाऊ म्हणाला, "बाई, आपुन धर्म सोडला. हिंदूचा कायदा आपल्याले लागत नाही. राह्यला रिवाज. रिवाजात पोरीले वाटा नसते."

"धर्म सोडला अन् रिवाज तेवढा कवटाळून बसला काय रे? लय शायना झाला!" बायको कडाडली.

आम्ही वाशीमला वकिलाकडं गेलो. बायको ताठ बसून म्हणाली, "वकीलसाहेब, आमच्या बौद्धाईचा कायदा काढा." दीक्षा घेतलेली बाई, ती दुसरं काय मागणार? वकिलानं जाडं पुस्तक घेतलं, मागची सूची उघडली, 'बौद्ध' शब्दावर बोट फिरवलं आणि पुस्तक मिटलं. "तुमच्यासाठी कायदाच नाही, बाई. भावाच्या पाया पडा."

ती पाया पडली नाही. पण घरी येऊन चुलीपुढं रडली. देशात कुत्र्या-मांजराला कायदा आणि आपल्याला नाही, असं तिला वाटलं. त्या वकिलाला कसं काही वाटलं नाही? आम्ही आमच्या तोंडचा शब्द सांगितला, त्यानं तोच शोधला. सासरा कधी वारला, शेत कोणी घेतलं, काहीच विचारलं नाही. मग शिकून काय केलं?

पुढच्या वर्षी दुसरा वकील भेटला, म्हातारा, खेकसणारा. धर्म सांगायला लागलो तर म्हणाला, "ते मागून. बाप कधी मेला? शेत त्याच्या कमाईचं का आजाचं?" सगळं ऐकून त्यानं हिंदू वारसा कायदा काढला. बायको उठलीच. "तो नोको आमाले!"

"बस खाली. आधी हा कायदा कोणाकोणाले लागते ते पाह्यतो." त्यानं मागची सूची पाहिलीच नाही, सुरुवातीचं पान वाचलं. त्यात लिहिलेलंच होतं: बौद्ध, जैन, शीख, सगळ्यांना हाच लागू. शिरपूरच्या जैनाच्या लेकीला जो वाटा, तोच माझ्या बायकोला. भावाबरोबर निम्मा.

मला आनंद झाला. तिला संताप आला. "आमी ज्याचं नाव सोडलं, त्याच्याच पुस्तकात आमाले काहून घातलं?" आजही याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही. वकील म्हणाला, "दाव्यात तुले बौद्धच लिहितो. पण वाटा पाह्यजे तर कायदा हाच." तिनं आधी 'बौद्ध' लिहून घेतलं, ते माझ्याकडून वाचून घेतलं, मग अंगठा दिला.

कोर्टात भावाच्या वकिलानं तिला कोंडीत पकडलं. "तुम्ही हिंदू आहात का? हो की नाही, एवढंच सांगा." हो म्हटलं तर दीक्षा खोटी, नाही म्हटलं तर वाटा गेला, असा त्याचा डाव.

"नाही. बौद्ध आहो. अन् तुमच्या पुस्तकात पहिल्याच पानावर आहो. तुमी उघडलं नाही वाटते."

निकाल तिच्या बाजूनं लागला. निम्मं शेत तिच्या नावावर झालं. पण आमच्याच वस्तीत तिला काय ऐकावं लागलं! "वाट्यापायी परत हिंदू झाली." विहिरीवर बाया घागर उचलून द्यायला पुढं येईनात. ती मरेपर्यंत त्या शेतात राबली आणि मरेपर्यंत ते बोलणं तिला टोचलं. पुढं त्याच लोकांच्या लेकींनी तोच कायदा धरून वाटे घेतले. त्यांना कोणी काही म्हटलं नाही.

तिच्या मयतीला वस्तीतले ते सगळे आले होते. एक जण मला म्हणाला, "लय हिंमतीची बाई होती, भाऊ."

मी म्हटलं, "हे तिले सांगाचं होतं. तवा दातखीळ बसली होती काय?"