शिंदेबाईंचं पोटॅशियम

मशीनने आकडा दाखवला. पोटॅशियम सात पूर्णांक एक. साडेपाचच्या वर गेलं की आम्ही सावध होतो. सातला हृदय कधीही थांबू शकतं. नळीवर नाव होतं सुनंदा शिंदे. आणि सुनंदा शिंदे म्हणजे मी.

मी नेरूळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त काढते, तपासते. लोकांना घाबरवून त्यांच्या गळ्यात ‘फुल बॉडी पॅकेज’ मारणं ही लूट आहे, असं माझं ठाम मत. त्यावरून आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांशी आठवड्याला एक भांडण ठरलेलं. तरी वर्षभरात मला स्वतःला तीनदा कॅन्सर आणि दोनदा ब्रेन ट्यूमर झाला होता. सगळे आपोआप बरे झाले, कारण ते नव्हतेच. या वेळी डावी पापणी फडफडत होती. “बायकांना डावी शुभ असते गं,” आई म्हणाली. मी मोबाईलवर शोधलं. तिथे शुभ काहीच नव्हतं.

पण इतकी भाषणं ठोकल्यावर उघडपणे टेस्ट कुठल्या तोंडाने करणार? सकाळी स्टोअररूममध्ये गेले. दाताने पट्टा आवळला, मूठ करकचून मिटली, एका हाताने कसंबसं रक्त ओढलं आणि खोटं नाव टाकलं. मोबाईल नंबर मात्र सवयीने खरा.

असा धोक्याचा आकडा आला की पेशंटला लगेच कळवायचं, हा नियम. सरांनी स्क्रीन पाहिली आणि नंबर लावला. माझ्या एप्रनचा खिसा वाजू लागला.

“तुझा फोन बंद कर आधी! इथे बाई जायची वेळ आलीय.”

मी फोन उचलला. “हॅलो.”

“शिंदेबाई, घाबरू नका, पण ताबडतोब...” सर थांबले. माझ्याकडे बघितलं. फोन दोघांच्याही कानाला.

“सर, मीच जातेय,” मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं.

“खाली बस! हलू नकोस! शेजारच्या दवाखान्यातून ईसीजी मागवा!” सर माझी नाडी मोजायला लागले आणि दोनदा चुकले.

आमच्या सीनियर म्हात्रेताई इथल्याच, सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या. त्या ना माझ्याकडे आल्या, ना मशीनकडे. रॅकमधली नळी उचलून त्यांनी उजेडात धरली.

“बग. पानी गुलाबी हाय.”

नळी मशीनमध्ये गरगर फिरवली की रक्तातलं पाणी वर येतं. ते पिवळसर हवं. ओढाताण करून रक्त काढलं तर लाल पेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि आकडा फुगतो. नव्या मुलांना हे मीच शिकवते. स्वतःच्या नळीकडे मात्र पाहिलंही नव्हतं.

“कोनी काढलं?”

“मीच. एका हाताने.”

“रगत काढलंस गो, का जाल्यातला जिताडा मारलास?”

मला हसू आलं, मग उचकी, मग दोन्ही एकदम. ताईंनी अलगद दुसरं रक्त घेतलं. ईसीजी नॉर्मल आला. थोड्या वेळाने आकडा आला: चार पूर्णांक दोन. मी सरांनाच मिठी मारली. ते अवघडून म्हणाले, “आता मेमो देतो.”

खोट्या नावाबद्दल दिलेला तो मेमो मी हुज्जत न घालता घेतला. समुपदेशकाकडेही जाऊ लागले. भीती गेलेली नाही. ती आली की आता आधी ताईंना सांगते. “आज काय?” त्या विचारतात. परवा टाच होती.

घाबरलेल्या माणसाने स्वतःचं रक्त स्वतः काढू नये. ते काढायची गरज आहे का, हेही दुसऱ्यालाच ठरवू द्यावं.