सासूबाईंना वाचून दाखवलेली प्रेमकथा

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांचा टीव्ही बंद केला. सोनई गावातल्या घरी नुसतं बसून त्या कंटाळल्या, म्हणून मी वाचत असलेली कादंबरी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवू लागले. प्रेमकथाच होती, आजच्या काळातली. नायिका झेरॉक्सचं दुकान चालवणारी, नायक ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणारा. दोघंही पस्तिशीच्या पुढचे. घरच्यांच्या दुखण्याखुपण्यात दोघांचंही लग्नाचं राहूनच गेलेलं. भांडण झाल्यावर तो फुलं आणत नाही. तिच्या दुकानाचं अडकणारं शटर तेल घालून नीट करून जातो. लेखिकेचं मला तिथंच फार कौतुक वाटलं. अशी माणसं मी रोज बघते, पण त्यांच्यावर कुणी प्रेमकथा लिहील असं कधी वाटलं नव्हतं.

त्यानं पहिल्यांदा तिचा हात धरला, तिथं मी लाजून दोन ओळी गाळल्या.

"मधलं खाल्लंस व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "वाच की. माझं बी लगीन झालंय."

मग मी काहीच गाळलं नाही. शेवटी दोघांचं जमलं, तेव्हा डोळ्याला हात लावायची मनाई म्हणून सासूबाईंनी पदरानं नुसतं नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू त्यांना बघायला आल्या. सासूबाई त्यांना आनंदानं सांगू लागल्या, "त्या झेरॉक्सवाल्या पोरीचं जमलं बरं का. पोरगा लई गुणाचा हाय."

"कुणाच्या घरातली पोरगी?" काकूंनी विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे मान वळवली. "हिच्या वळखीतली हाय," त्या म्हणाल्या.