अर्जातला ‘चांडाळ’

‘चांडाळ’ हा शब्द मी एकदा एका अर्जात वापरला. तो वापर अक्षम्य होता, हे आज लेखी कबूल करतो.

कूळकायद्यानंतरची ती वर्षे. उरणच्या बाजूला, खाडीकाठी आमचे गाव. जमिनी कुळांच्या नावावर लागणार असे दिसताच आमच्या जमीनमालकाने खाडीचा बांध फोडवला आणि भातखाचरांत खारे पाणी शिरले. ते दोन हंगाम राहिले की शेतात भात होत नाही. मग नापीक जमिनीवर हक्क सांगणार कोण? माझा संताप अनावर झाला. गावची पत्रे-अर्ज मीच लिहीत असे; कुळांच्या वतीने मी तालुक्याच्या कचेरीला अर्ज लिहिला: ‘सदर इसमाने हे चांडाळ कृत्य जाणूनबुजून केले आहे.’ वाक्यावर मी खूश होतो.

अर्ज सर्वांसमक्ष मोठ्याने वाचायचा आणि मगच अंगठे उठवायचे, ही गावची रीत. त्याप्रमाणे मी तो बांधावर वाचला. बांध फोडताना पाहणारा साक्षीदार एकच होता: गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, बांधाची पिढीजात राखण करणारा म्हातारा. शाई लावलेला अंगठा त्याने मागे घेतला.

‘भाऊसाहेब, बांध फोडला मालकानं, नि नाव आमचं?’

‘तुझं नाव कुठे आहे यात?’

‘त्यो चांडाळ. आमच्या बापाला ह्याच नावानं हाकलीत.’

‘अरे, त्याचा अर्थ दुष्ट, इतकाच!’

‘मग दुष्ट लिवा की.’

‘म्हातारा वकील झाला!’ कुणीतरी ओरडले. सगळे हसले; मीही.

तो माझ्या वडिलांच्या वयाचा, आणि मी त्याला अरेतुरे करत होतो. शब्द खोडणे मला कमीपणाचे वाटले. अर्ज त्याच्या अंगठ्याविना गेला. चौकशीत ‘प्रत्यक्ष कोणी पाहिले?’ या प्रश्नावर कोणीच पुढे आले नाही. अर्ज फेटाळला गेला.

शब्दकोश मी त्यानंतर उघडला. पहिला अर्थ जातीचा. दुष्टपणा त्याच्या खाली. शूद्र बाप आणि ब्राह्मण आई यांच्या संततीला जुन्या धर्मशास्त्राने हे नाव दिले आणि गावाबाहेर काढले. आरोप नाही, पुरावा नाही. जन्माबद्दल शिक्षा, आणि तिचीच पुढे शिवी. अस्पृश्यता घटनेने नष्ट केली, हे मी पत्रांतून इतरांना कलमासह सुनावत असे!

दोन पावसाळ्यांनंतर नवा अर्ज घेऊन मी त्याच्याकडे गेलो. या खेपेस ‘अहो’ म्हणालो. त्याने अर्ज पुरता वाचायला लावला.

‘आता बराबर हाय,’ तो म्हणाला. ‘पन शेतात मीठ फुटलं, भाऊसाहेब. माझा बी तुकडा व्हता तितं, कुळानं केलेला.’

कुळांच्या यादीत मी त्याला धरलेच नव्हते. तो शेत कसत असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते.