एकट्याचा अल्बम आणि आमची झील

आखातातल्या ह्या बेटावर दुपार कलताना बुसैतीनहून जुफैरकडे निघालं की समुद्र आणि आभाळ यांत काही फरक उरत नाही. दोन्ही दुधाळ, दोन्ही सुस्तावलेले. पुलावर गाडी चालवताना आपण रस्त्यावरून जातोय की कुणाच्या तरी झोपेतून, असं मला वाटतं. मी पेशाने ड्रायव्हर, त्यामुळे हे कुणाला बोलून दाखवत नाही. लोक माझ्या गाडीत बसायचे बंद होतील.

त्या वेळची माझी सवारी ठरलेली असे. जुफैरच्या एका जिममध्ये नाच शिकवणारी कोलंबियाची बाई. एके दिवशी तिने आपला फोन गाडीला जोडला आणि म्हणाली, "लिसन. माय स्ट्रीट, धिस मॅन." तिच्या गल्लीतला हा गाणारा. आधी चार मित्रांच्या टोळक्यात स्पॅनिश रॅप गायचा. टोळकं पांगलं, आणि आता त्याचा एकट्याचा पहिला अल्बम आला होता. माहेरचं कुणी परीक्षेत पहिलं आल्यासारखा आनंद तिच्या तोंडावर होता.

रॅप म्हणजे चालीत केलेलं भांडण, अशी माझी समजूत. आमच्या कोकणात डबलबारीच्या भजनात दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून सोलून काढतात, त्यातलाच प्रकार. पण ह्या अल्बमात भांडण नव्हतं. गिटारची एक धून पुन्हा पुन्हा फिरून येत होती, तिच्याखाली जड, संथ ठेका, आणि तो माणूस नुकता जागा झाल्यासारखा बोलता बोलता गात होता. मला एक शब्द कळत नव्हता. तरीही जुफैरच्या उंच इमारती दिसू लागल्या की वाईट वाटायचं, आता हे बंद होणार म्हणून.

पण माझा कान पडला झीलकऱ्याचा. नईम भागातल्या आमच्या खोलीत दर शुक्रवारी संध्याकाळी भजन असतं. बुवा पेटीवर बसून ओळ सांगतात, मागे बसलेले आम्ही ती उचलतो. ह्याला झील ओढणं म्हणतात. गावी असल्यापासून मी तेच करत आलोय आणि मला ते मनापासून आवडतं. मागच्याचं चुकलं तर चारचौघांत खपून जातं.

त्या अल्बमातही प्रत्येक ओळीचं शेपूट मागून कुणीतरी उचलत होतं. दोनचार दिवस ऐकल्यावर मला शंका आली.

"मॅडम, बिहाइंड व्हॉइस, सेम मॅन?"

"सेम मॅन," ती हसली. "ऑल हिम. फ्रेंड्स गॉन."

म्हणजे हा स्वतःच सांगतो आणि स्वतःच झेलतो. मला त्याची दया आली आणि हेवाही वाटला.

एवढं मनाला लागायचं कारण आमचे बुवाही निघाले होते. बुवा सुतारकाम करतात. कंपनीने त्यांचा व्हिसा पुढे वाढवला नाही. एका शुक्रवारी भजन संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं.

"माज्या मागे पेटयेर तू बस."

"बुवा, माका नाय जमाचा."

"मगे भजन खलास. मी पेटी घेवन गावाक जातंय." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "फुडच्या शुक्रवारी तू गातलंस. मी आयकतलंय. मगे काय ता ठरयतलंय."

मला रात्रंदिवस धास्ती लागली. शुक्रवार गेला तर ह्या देशात माझं म्हणून उरतं काय? खोली, गाडी आणि पुन्हा खोली. तेव्हा मी त्या गाणाऱ्यालाच गुरू केलं. बाईंना सोडलं की पार्किंगमध्ये काचा वर करून सराव. ओळ आपणच सांगायची, आपणच झेलायची. गाडीत ते झकास जमत होतं. घरचाच वैद्य आणि घरचाच रोगी, बिघडणार काय?

शुक्रवारी खोली भरली. बुवांच्या नियमाप्रमाणे एसी बंद, उदबत्ती चालू. बुवा मात्र पेटीपाशी आले नाहीत. मागे कपाटाला टेकून बसले. मी बुवांनीच बांधलेला गजर धरला. पहिली ओळ सांगितली आणि मंडळींनी तोंड उघडायच्या आत तिचं शेपूट मीच उचललं. दुसऱ्या ओळीचंही तेच. झांजवाला माझ्याकडे बघत राहिला. मागच्यांची तोंडं उघडत होती आणि मिटत होती. जन्मभर झील ओढलेला माणूस, सवय जाते कुठे? त्यात त्या अल्बमचा सराव. पखवाज अडखळला, माझा श्वास संपला आणि मी गप्प झालो.

भजन संपलं, पेटी गावाला गेली, असंच मला वाटलं. घाम डोळ्यांत उतरत होता.

तेवढ्यात मागून ओळ आली. मोठ्याने नाही, जरा उशिराने, मागचे लोक उचलतात तशी. आवाज बुवांचा होता. इतक्या वर्षांत मी त्यांना समोरूनच ऐकलं होतं, आज पहिल्यांदा पाठीशी ऐकत होतो. त्यांच्यामागून सगळे आले, झांज आली, पखवाज सावरला. खोली हळूच जमिनीवरून सुटून तरंगायला लागल्यासारखी झाली. मी पुढची ओळ सांगितली आणि तोंड मिटलं. ओळ त्यांच्याकडे गेली, फिरून माझ्याकडे आली. बुवांचा आवाज कापत होता. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गाता आलं नसतं.

भजन संपल्यावर ते पेटीचा विषय न काढता इतरांशी गावच्या गोष्टी बोलत बसले.

जायच्या दिवशी मीच त्यांना न्यायला गेलो. ते खाली उभेच होते. मी डिकी उघडली. त्यांनी एक बॅग ठेवली, खजुराचे डबे ठेवले. पेटी कुठे दिसेना.

"अजून काय?" मी विचारलं.

"मफी. काय नाय," बुवा म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच डिकी लावली.